समर असोसिएट: दहा आठवड्यांचा साखरपुडा

२०२४ च्या जुलैत ताईचा नाशिकहून फोन आला. आवाज दबका होता. म्हणजे बातमी चांगली, पण खात्री पटेपर्यंत बाहेर फोडायची नव्हती.

"अरे, हिला न्यूयॉर्कच्या कुठल्याशा लॉ फर्मने नोकरी दिलीय. पुढच्या उन्हाळ्यातली, दहा आठवड्यांची. आणि आठवड्याला चार हजार डॉलरच्या वर देणार म्हणे! हिचं दुसरं वर्षसुद्धा अजून सुरू झालं नाही रे. फसवाफसवी तर नसेल ना? तू वकील आहेस, जरा कागद बघ."

कागद बघितले. सगळं सरळ होतं. पण मी शिवाजीनगर कोर्टातला माणूस. माझा पहिला उन्हाळा सीनियरच्या दोन बॅगा जिन्याने वर नेण्यात आणि सर्टिफाइड कॉपीच्या रांगेत गेला होता, आणि मोबदला म्हणून दुपारचा चहा त्यांच्या खात्यावर होता. त्यामुळे आकडा वाचून मीही जरा गारच पडलो. मग भाचीला व्हिडिओ कॉलवर चार-पाचदा धरून बसवलं आणि हे प्रकरण नीट समजून घेतलं. ताईला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हल्ली ओळखीतल्या दोन-तीन घरांतून हाच प्रश्न येतो.

अमेरिकेत बारावीनंतर थेट कायद्याला जात नाहीत. आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग इतिहासाची असो नाहीतर गणिताची, आणि त्यानंतर तीन वर्षांचा 'जेडी'. आमची भाची पुण्यात इंजिनिअरिंग करून, तीन वर्षं नोकरी करून मग तिकडे गेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'वन-एल' म्हणतात, दुसऱ्याच्या 'टू-एल' आणि तिसऱ्याच्या 'थ्री-एल'. तीन वर्षांच्या मध्ये उन्हाळे येतात दोनच. पहिल्या उन्हाळ्यात बहुतेक मुलं एखाद्या न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये, सरकारी वकिलाच्या ऑफिसात, गरिबांचे खटले चालवणाऱ्या संस्थेत किंवा प्राध्यापकांच्या हाताखाली काम करतात. पैसे बहुधा नसतातच, असले तर कॉलेजने दिलेला भत्ता. नोकरीचं गणित सुटतं ते दुसऱ्या उन्हाळ्यात. फर्ममधला जो पगारी वकील अजून पार्टनर झालेला नाही, तो असोसिएट. त्याच्या शेजारी उन्हाळ्यापुरता बसवलेला विद्यार्थी म्हणजे समर असोसिएट.

पगाराचा हिशेब सोपा आहे. न्यूयॉर्कच्या बड्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या वकिलाचा मूळ पगार २०२३ च्या अखेरीपासून वर्षाला २ लाख २५ हजार डॉलर झाला. त्या नोव्हेंबरात मिलबँक या फर्मने आकडा वाढवला, महिनाअखेरीस क्रॅव्हॅथ या दुसऱ्या फर्मने आपला पगारांचा तक्ता जाहीर केला आणि बाकीच्या मोठ्या फर्म मुकाट्याने मागे आल्या. हे तिथे नेहमीचंच. एका दुकानाने भाव वाढवला की अख्खी पेठ वाढवते. समर असोसिएटला पगार याच दराने मिळतो. ५२ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला ४,३२७ डॉलर येतात, आपल्याकडचे साडेतीन लाखांच्या वर. दहा आठवड्यांचे सुमारे ४३ हजार डॉलर.

आता फर्मच्या बाजूने बघा. ५० मुलं घेतली तर नुसता पगार साडेएकवीस लाख डॉलर. वर जेवणखाण, सहली. आणि कमाई? जवळपास शून्य. विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे तास बिलात दिसले की मोठ्या कंपन्यांचे लोक ते बिनदिक्कत खोडतात. "तुमची पोरं आमच्या पैशांवर का शिकवता?" हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. त्यामुळे बरेचदा फर्म हे तास स्वतःच सोडून देते.

तरीही फर्म हे करतात, याचं कारण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल क्रॅव्हॅथ या न्यूयॉर्कच्या वकिलाने, ज्याचं नाव वरच्या फर्मला आहे, एक पद्धत बसवली. बाहेरून तयार वकील आणायचे नाहीत. चांगल्या कॉलेजांतली वरच्या नंबरांची मुलं कोरी उचलायची, आपल्या हाताखाली घडवायची, आणि काही वर्षांनी एकतर पार्टनर करायचं नाहीतर सन्मानाने वाट मोकळी करून द्यायची. आज पार्टनरही दुसऱ्या फर्ममधून पळवून आणतात, म्हणजे पद्धत पूर्वीसारखी सोवळी राहिलेली नाही. पण भरतीचा मुख्य दरवाजा अजूनही कॉलेजातूनच उघडतो, आणि त्या दरवाजाचं नाव समर.

ताईला मी म्हटलं, "हा साखरपुडा समज. लग्न डिग्रीनंतर."

"आणि बघण्याचा कार्यक्रम?"

"तो होऊन गेला. त्याशिवाय अंगठी आली का?"

कांदेपोहे

अनेक वर्षं हा बघण्याचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये व्हायचा, दुसरं वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर. नाव 'ऑन-कॅम्पस इंटरव्ह्यू', बोलीत ओसीआय. कॉलेजातल्या खोल्यांत नाहीतर जवळच्या हॉटेलात एकेका खोलीत एकेक फर्म बसायची. बाहेर गडद निळ्या-काळ्या सुटातली मुलं. वीस मिनिटं झाली की दारावर टकटक, पुढचा आत. आठवडाभरात एकेक मुलगा दहा-पंधरा फर्मना भेटायचा. आवडला तर 'कॉलबॅक': फर्मच्या ऑफिसात अर्धा दिवस, चार-पाच वकिलांशी गप्पा आणि त्यांच्यापैकी दोघांबरोबर जेवण.

गंमत म्हणजे या मुलाखतींत कायदा फारसा विचारत नाहीत. तो गुणपत्रिकेत दिसतो. विचारतात ते बायोडेटाच्या शेवटच्या ओळीबद्दल. भाचीने तिथे लिहिलं होतं की ती पुण्यात गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोलपथकात वाजवायची. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं ढोल किती किलोचा, कमरेला कसा बांधतात, सहा तास वाजवल्यावर हाताचं काय होतं, यातच गेली. ती बाहेर आली ती रडवेली होऊन, "मला एक प्रश्न धड विचारला नाही" म्हणून. त्याच फर्मने ऑफर दिली. रात्री अकरा वाजता फाईल चालू असताना हा माणूस शेजारच्या खोलीत बसलेला चालेल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. गुणांची चाळण त्याआधीच लागलेली असते.

आणि ती चाळण बारीक असते. पहिल्या वर्षी करार, अपकृत्यं, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी असे विषय. बहुतेक विषयांना अख्ख्या सत्रात एकच लेखी परीक्षा, तीन-चार तासांची. गुण 'कर्व्ह'वर, म्हणजे वर्गात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे, यावर. सगळा वर्ग हुशार असला तरी कोणीतरी मधला आणि कोणीतरी खालचा असणारच. डिसेंबरातल्या एका दुपारी ताप असला तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

पूर्वी निदान दोन सत्रांचे गुण तरी हाती यायचे. कारण १९७१ साली स्थापन झालेली 'नॅल्प' ही संघटना, म्हणजे कॉलेजं आणि फर्म यांचं भरतीपुरतं सामाईक व्यासपीठ, वेळापत्रकाचे नियम ठरवत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांना कधीपासून भेटायचं, ऑफर दिल्यावर विचार करायला किती दिवस द्यायचे, वगैरे. डिसेंबर २०१८ मध्ये नॅल्पने वेळेची ही बंधनं काढून टाकली आणि सर्वसाधारण तत्त्वं तेवढी ठेवली.

पुढे काय झालं ते कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगायला नको. झाडावर तयार झालेलाच आंबा उतरवावा हे सगळ्यांना कळतं. पण शेजाऱ्याने पहिली पेटी मार्चला वाशीला धाडली की आपलाही हात देठाकडे जातो. एका फर्मने जुलैत मुलं उचलली, दुसरीने जूनमध्ये, तिसरीने मेमध्ये. मध्ये कोविड आला, २०२० चे ऑगस्टचे मेळावे बऱ्याच कॉलेजांनी पुढच्या जानेवारीत ढकलले, आणि जुनी घडी विस्कटली ती परत बसलीच नाही. आता मुलं कॉलेजच्या मेळाव्याची वाट न बघता थेट फर्मच्या संकेतस्थळावर अर्ज टाकतात. ऑगस्टपर्यंत अनेक फर्मच्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात. काही फर्म पहिल्या सत्राच्या गुणांवर निर्णय घेतात, काही ते यायच्याही आधी अर्ज मागवतात. आणि काम? ते त्यानंतर वर्षभराहून अधिक काळाने, पुढच्या उन्हाळ्यात.

अर्थशास्त्रात या प्रकाराचा अभ्यास झालेला आहे. आल्विन रॉथ यांना २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते अशाच बाजारांवरच्या कामासाठी, जिथे नुसता भाव लावून जोडी जमत नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनीही १९४० च्या दशकात निवासी डॉक्टर असेच आधी आणि आणखी आधी उचलायला सुरुवात केली होती. विद्यार्थी अजून कशात तयार होणार हे कळायच्या आत सौदा. शेवटी १९५२ पासून सगळ्यांनी आपापल्या पसंतीच्या याद्या एका जागी द्यायच्या आणि मधल्या यंत्रणेने जोड्या लावायच्या, असं ठरलं. वकिलांना हे जमलेलं नाही. वकिलांना एकत्र बसवून एका कागदावर सही घेणं किती कठीण, हे आमच्या बार असोसिएशनच्या पार्किंगच्या ठरावावरून मी सांगू शकतो.

मला या सगळ्यातली खुपणारी गोष्ट ही वाटते. समर हा दहा आठवड्यांचा कसोटीचा काळ, असं सगळे म्हणतात. खरी कसोटी त्याच्या वर्षभर आधी, चार-पाच लेखी परीक्षांत उरकलेली असते. कायदा म्हणजे काय हे नीट कळायच्या आत, आपल्याला कोर्टात उभं राहायचंय की कंपन्यांची खरेदी-विक्री करायचीय हे ठरायच्या आत, मुलगा कुठल्यातरी फर्मचा झालेला असतो.

पहिला मेमो

भाची २०२५ च्या मेअखेरीस रुजू झाली. पहिले तीन दिवस लॅपटॉप, ओळखपत्र आणि वेस्टलॉ, लेक्सिस या निवाडे शोधायच्या दोन यंत्रणांचं प्रशिक्षण. दोन मेंटर: एक पार्टनर, एक तरुण असोसिएट. कामं वाटायला एक वेगळी बाई, जिच्याकडे कोणाच्या ताटात किती आहे याचा तक्ता. चौथ्या दिवशी एका पार्टनरने बोलावलं.

प्रश्न असा. दोन कंपन्यांत करार. करारात लिहिलंय की नोटीस द्यायची ती रजिस्टर्ड पोस्टानेच. एका कंपनीने नुसता ईमेल पाठवला. समोरच्याने तो वाचला, त्याला उत्तरही दिलं, आणि तीन महिन्यांनी म्हणतोय की मला नोटीस मिळालीच नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यात ही नोटीस चालेल का?

भाची शुक्रवारपासून भिडली. १९२० च्या दशकापासूनचे निवाडे काढले. सोमवारी अकरा पानांचा मेमो, म्हणजे कायदेशीर टिपण, नेऊन दिला. पार्टनरने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढून विचारलं, "मग चालते का?"

उत्तर नवव्या पानावर होतं.

न्यूयॉर्कची न्यायालयं सहसा असं म्हणतात: नोटीस प्रत्यक्ष पोहोचली असेल आणि पद्धत चुकल्यामुळे समोरच्याचं काही बिघडलं नसेल, तर तेवढ्या तांत्रिक चुकीवरून नोटीस रद्द ठरवायची नाही. म्हणजे "बहुधा चालते, पण नुकसान झालं नाही हे दाखवता आलं पाहिजे." एक ओळ. ती सर्वांत वर हवी होती. तिथल्या मेमोचा साचाच तसा आहे: आधी प्रश्न, लगेच थोडक्यात उत्तर, मग वस्तुस्थिती आणि मग चर्चा. कॉलेजात तिने हा साचा शिकला होता. पण पहिल्या कामाच्या धास्तीने तिने आपले कष्ट आधी दाखवले आणि उत्तर मागे ठेवलं. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडचे ज्युनियरही अर्जाच्या पहिल्या सहा परिच्छेदांत घराण्याचा इतिहास सांगतात आणि मागणी शेवटच्या पानावर.

दुसरी चूक तिला तरुण मेंटरने दाखवली. तिने आधार घेतलेला एक निवाडा पुढे वरच्या न्यायालयाने फिरवलेला होता. प्रत्येक निवाडा आजही उभा आहे का हे तपासण्याला तिथे 'शेपर्डाइझ' करणं म्हणतात. १८७३ साली फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने कुठल्या निवाड्याचा पुढे कुठे उल्लेख झाला याच्या चिकटपट्ट्या छापून विकायला सुरुवात केली, त्याचं नाव क्रियापद होऊन बसलं. आता ते एका क्लिकवर होतं, पण क्लिक करावं लागतं. मेंटरने तिला न्यूयॉर्कच्याच फेडरल कोर्टातलं २०२३ चं प्रकरण सांगितलं. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले होते, आणि न्यायाधीशांनी ५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. त्यानंतर भाचीने अख्ख्या उन्हाळ्यात एकही निवाडा न उघडता लिहिला नाही.

बाकी काम मिश्र. कागदपत्रांच्या ढिगातून कामाचे कागद वेगळे करणं, कंपनी विकत घेताना तिचे जुने करार वाचून धोके नोंदवणं, साक्षीदाराची कोर्टाबाहेरची उलटतपासणी मागे बसून बघणं, आश्रय मागणाऱ्या एका परदेशी माणसाचा फुकट चालवलेला अर्ज. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने सल्ला देता येत नाही, सही करता येत नाही. प्रत्येक कागदावर वकिलाची नजर फिरते. मात्र वेळेची नोंद सगळ्यांसारखीच ठेवायची, सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत. तासाचा दहावा भाग म्हणजे ०.१. चार मिनिटं फोनवर बोललीस? ०.१. हे गणित अंगात मुरायला तिला महिना लागला, आणि मुरल्यावर आईशी बोलतानाही डोळा घड्याळाकडे जायला लागला, असं ताईचं म्हणणं.

जेवणावळी

ताईचा सगळ्यात पहिला प्रश्न होता, "जेवणाचं काय?" त्याचं उत्तर: आठवड्यातून तीन-चार वेळा कोणीतरी वकील बाहेर जेवायला नेतो, बिल फर्मचं. शिवाय बेसबॉलचा सामना, बोटीची सफर, स्वयंपाकाचा वर्ग. ही सगळी दावत ऑफर घेतलेल्या मुलाने मन बदलू नये म्हणूनही असते, आणि माणूस कागदापलीकडे कसा वागतो हे बघायला तर असतेच. दारू फुकट असते तिथे दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

२००३ सालचा एक किस्सा तिथे प्रत्येक नव्या तुकडीला ऐकवतात. न्यूयॉर्कच्या एका बड्या फर्ममधल्या समर असोसिएटने मित्राला ईमेल लिहिला: दोन तास सुशीचं जेवण झालं, बाकी दिवसभर काहीही काम नाही, नुसत्या गप्पा. भाषा शिवराळ. तो मित्राऐवजी गेला आख्ख्या विभागाला, चाळीसेक लोकांना, त्यात पार्टनरही. मग त्याने माफीचा ईमेल लिहिला, तोही तितकाच फिरला.

शिकागोतला किस्सा जास्त गोड आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात तिथल्या सिडली अँड ऑस्टिन या फर्ममध्ये हार्वर्डचा एक विद्यार्थी आला, पहिलंच वर्ष संपवून. त्याची मेंटर म्हणून एका तरुण असोसिएटला नेमलं. तो बराक ओबामा, ती मिशेल रॉबिन्सन. मी तुझी मेंटर आहे, बरं दिसणार नाही, असं म्हणून तिने आधी टाळलंही होतं. साखरपुड्याची उपमा मी ताईला दिली ती या गोष्टीच्या आधी, एवढं नमूद करतो.

या मौजेत एक गोष्ट झाकली जाते आणि ती मला या कार्यक्रमाची मोठी खोट वाटते. खऱ्या असोसिएटला अनेक फर्ममध्ये वर्षाला १,९०० ते २,००० तास बिलात लावावे लागतात. बिलात लागणारा एक तास मिळवायला ऑफिसात सव्वा-दीड तास बसावं लागतं. समर असोसिएट सातला घरी जातो. मांडव बघून सासर कळत नाही, तसंच हे. शहाणी मुलं म्हणून जेवायला नेणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या वकिलांना एकच प्रश्न विचारतात: गेल्या रविवारी तुम्ही काय करत होता?

हो आणि नाही

मध्यावर एक आढावा, शेवटी एक आढावा, आणि शेवटच्या दिवसांत डिग्रीनंतरच्या कायम नोकरीची ऑफर. चांगल्या वर्षांत दहातल्या नऊहून अधिक मुलांना ती मिळते. म्हणजे परीक्षा आहे, पण नापास व्हायला मेहनत लागते: खोटं बोलणं, मुदत चुकवणं, कारकुनांशी उर्मटपणे वागणं. ज्याला मिळत नाही त्याला 'नो-ऑफर' झाला म्हणतात. आणखी एक बेरकी प्रकार आहे, 'कोल्ड ऑफर'. कागदावर ऑफर द्यायची, कानात सांगायचं की घेऊ नकोस. मुलाची लाज राहते, फर्मची टक्केवारीही राहते. सोयरीक मोडताना "पत्रिका जुळली नाही" म्हणतात, तसं.

वारं फिरलं की मात्र मेहनतही उपयोगी पडत नाही. २००८ च्या मंदीनंतर, २००९ च्या उन्हाळ्यातल्या मुलांपैकी नॅल्पच्या आकड्यांनुसार सुमारे ६९ टक्क्यांनाच ऑफर मिळाली. ज्यांना आधी मिळाली होती त्यांच्यापैकी अनेकांना फर्मनी रुजू व्हायला महिनोन् महिने थांबवलं, काहींना थांबण्याचे पैसे देऊन.

आणि कधी वारं नसतानाही. १९५८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पॉल, वाइस या फर्ममध्ये एक विद्यार्थिनी समरला होती. तिला परत बोलावलं नाही. पुढच्या वर्षी ती कोलंबिया विद्यापीठाच्या लॉ कॉलेजातून वर्गात बरोबरीने पहिली आली, तरी शहरातली एकही फर्म नोकरी देईना. बाई, त्यात ज्यू, त्यात एका मुलीची आई. ती रूथ बेडर गिन्सबर्ग. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाली.

हा एक उन्हाळा एवढा निर्णायक का, ते तिथल्या पगारांचा आलेख बघितला की कळतं. नव्या वकिलांच्या पगारांचा आलेख काढला तर मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा एक डोंगर दिसायला हवा. दिसतात दोन, सह्याद्रीच्या दोन सुळक्यांसारखे. एक साधारण ६० ते ९० हजार डॉलरपाशी, तिथे सरकारी नोकऱ्या, छोट्या फर्म, संस्था. दुसरा एकदम सव्वादोन लाखांवर. मधल्या खिंडीत माणसं कमी. आणि वरच्या कॉलेजांची नुसती फी वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला दुसऱ्या सुळक्यावरच चढावं लागतं, आणि तिथे चढायची मुख्य वाट या उन्हाळ्यातून जाते. ज्याला गरिबांचे खटले लढवायचे होते तोही हप्त्यांकडे बघून "दोन-तीन वर्षं बिगलॉ, मग बघू" म्हणतो. बड्या फर्मच्या दुनियेला तिथे 'बिगलॉ' म्हणतात.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईतली बहुतेक मुलं एलएलबी करून एक वर्षाच्या एलएलएमला जातात. त्यांनी हे आधीच समजून घ्यावं: समर हा जेडीवाल्यांचा कार्यक्रम आहे. एलएलएम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपतं, लगेच जुलैत बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची. मध्ये उन्हाळा येतच नाही. एलएलएमवाल्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत वेगळा मुलाखत मेळावा भरतो, जागा मोजक्या आणि स्पर्धा जगभरची. "एलएलएम केलं की समरला लागेल" असं कोणी सल्लागार सांगत असेल तर त्याला कुठला उन्हाळा, एवढं विचारा.

जेडीला जाणाऱ्या परदेशी मुलांना समर करता येतो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर त्यासाठी सीपीटी नावाची परवानगी कॉलेजमार्फत घ्यावी लागते. डिग्रीनंतर ओपीटी नावाच्या दुसऱ्या परवानगीवर १२ महिने काम. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी वाढीव दोन वर्षं कायद्याला नाहीत. त्यानंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि तिथे फर्म कितीही मोठी असली तरी खात्री देऊ शकत नाही. ताईला हा भाग मी जरा उशिरा सांगितला.

आपल्याकडची पद्धत वेगळ्या मुशीतली आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि एकदा तरी कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाकडे. म्हणजे आपला विद्यार्थी चार ठिकाणचं पाणी चाखतो, तिथला एकाच विहिरीत दहा आठवडे. मुंबईच्या मोठ्या फर्म इंटर्नशिपमधूनच पोरं हेरतात आणि आधीच नोकरी देऊ करतात, तेवढं साम्य आहे. पैशांचं साम्य शोधू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिलने ज्युनियर वकिलांना शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं, आणि आमच्या बाररूममध्ये त्यावर जे हसू झालं ते अजून आठवतं. मी हसलो नाही, असं म्हणत नाही.

भाचीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑफर मिळाली. डिग्री २०२६ च्या मेमध्ये, बार परीक्षा जुलैत, रुजू व्हायचं त्यानंतर. आता ती थ्री-एल आहे आणि तिचं नाव कॉलेजच्या यादीत 'अमुक फर्ममध्ये समर केलेली' म्हणून लागलंय. ऑक्टोबरात तिला एकाच आठवड्यात सहा ईमेल आले, सगळे वन-एलचे. तुम्हाला ऑफर कशी मिळाली, बायोडेटात काय घालू, कुठल्या फर्मला कधी लिहू. त्यांचं कॉलेज सुरू होऊन सात-आठ आठवडे झाले होते. पहिली परीक्षा डिसेंबरात होती. एकाने विचारलं होतं, ढोल शिकायला किती दिवस लागतात.